टीव्हीतला कुत्रा ब्रूनोला खरा वाटतो का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका ताईंकडे ब्रूनो नावाचा अडीच वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. टीव्हीवर कुत्रा भुंकला की तो झोपेतून उठून धावतो, पडद्याला नाक लावतो, भुंकतो आणि मग टीव्हीच्या मागे जाऊन हुंगत राहतो. ताईंच्या माहेरी २००० सालाच्या सुमारास टॉमी होता, तो टीव्हीकडे ढुंकूनही बघत नसे. ब्रूनोला नक्की काय दिसतं, त्यातून त्याला काही अपाय होईल का, आणि घरातले सगळे कामावर गेल्यावर त्याच्या सोबतीला टीव्ही लावून ठेवावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी २७ वर्षं पुण्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करते आहे. हा प्रश्न हल्ली मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतं. पूर्वी विचारत नसत, आणि त्याला कारण आहे, त्याकडे येतेच. पण त्याआधी घरी एक करून बघा.

ज्या दृश्यावर ब्रूनो हमखास धावतो ते मोबाइलवरून टीव्हीला लावता येईल असं शोधून ठेवा. तो शांत पडलेला असताना आवाज पूर्ण बंद करून ते दृश्य लावा. त्याच्याकडे टक लावून बघू नका, नाहीतर तो तुमच्याकडेच बघत बसेल. मान उचलतो का, कान टवकारतो का, एवढंच डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपा. दुसऱ्या दिवशी तेच दृश्य पुन्हा लावा, पण या वेळी पडद्यावर चादर टाका आणि आवाज चालू ठेवा. ‘आमचा टीव्ही बघतो’ म्हणून माझ्याकडे आणलेल्या कुत्र्यांपैकी बरीचशी खरं म्हणजे टीव्ही ऐकत असतात, हे या साध्या चाचणीतून पालकांना स्वतःच कळतं. चादर टाकलेल्या टीव्हीवरही ती तशीच धावून जातात.

आवाजाचं पारडं एवढं जड का, ते बघा. आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांचा, आवाज ऐकू येतो, तोही तरुणपणी. कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं. टीव्हीचं ध्वनिमुद्रण माणसाच्या कानाच्या मापानं केलेलं असतं, त्यामुळे त्यातलं भुंकणं कुत्र्याला वरची बाजू कापल्यासारखं ऐकू येत असणार. तरीही ते भुंकणं म्हणून ओळखू येतं, आणि कुत्र्याच्या जगात भुंकणं म्हणजे बातमी असते. कोण आलं, किती लांब आहे, घाबरलंय की दम देतंय, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ४५३ कुत्र्यांच्या पालकांकडून टीव्हीबद्दलची माहिती गोळा करून प्रसिद्ध केली. त्यातली ४५ टक्के कुत्री टीव्हीवरच्या भुंकण्या-रडण्याला दर वेळी प्रतिसाद देतात असं पालकांनी सांगितलं. ज्यांचं कुत्रं टीव्हीत रमतं तेच लोक अशी प्रश्नावली आवडीनं भरतात, त्यामुळे सरसकट सगळ्या कुत्र्यांना हा आकडा मी लावणार नाही. पण कोणत्या गोष्टीकडे कुत्री जास्त वळतात याचा जो क्रम त्यातून दिसतो, तो माझ्या दवाखान्यातल्या अनुभवाशी जुळतो.

आता टॉमीचं. तुमच्या माहेरचा टीव्ही तेव्हा खोक्याचाच असणार, मागे मोठी काचेची नळी असलेला. त्या टीव्हीवर चित्र सतत उजळलेलं नसायचं. एक किरण पडदाभर वरून खाली फिरायचा आणि आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला ५० वेळा चित्र उमटून विझायचं. आपल्या डोळ्याला ही उघडझाप जेमतेम जाणवत नाही, ती एकसंध वाटते. कुत्र्याचा डोळा याबाबतीत आपल्यापेक्षा चपळ आहे. उजेड पुरेसा असेल तर सेकंदाला सुमारे ७० वेळा होणारी उघडझापही त्याला वेगळी जाणवते. १९८९ मध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांवर हे तपासलं गेलं होतं. म्हणजे टॉमीसमोर जे होतं ते चित्र म्हणण्यापेक्षा फडफडणारा उजेड होता. लग्नाच्या मंडपात ट्यूबलाइट बिघडून लुकलुकत असते, तिच्याखाली बसून तुम्ही किती वेळ कोणाचा चेहरा निरखाल?

त्या टीव्हीचा आणखी एक त्रास होता. नळीत किरण डावीकडून उजवीकडे सेकंदाला १५,६२५ वेळा फिरायचा आणि त्यातून त्याच सुराची एक बारीक ‘चीं’ निघायची. लहानपणी शेजारच्या खोलीत कोणी टीव्ही लावला, आवाज बंद असला, तरी तुम्हाला कळायचं ना? ती हीच. वय वाढलं की माणसाला ती ऐकू येईनाशी होते. टॉमीला मात्र ती टीव्ही चालू असेपर्यंत ऐकू येत असणार. टीव्ही लागला की उठून स्वयंपाकघरात जाऊन बसणारी कुत्री मी त्या काळात पाहिली आहेत. घरच्यांना वाटायचं, याला कंटाळा येतो.

सपाट पडदे आले आणि हे दोन्ही गेलं. आताच्या पडद्यावर पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं तसंच टिकून राहतं, मधे विझत नाही. शिवाय पडदा मोठा झाला, भिंतीवर खालपर्यंत आला, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यांच्या जवळ आला. ब्रूनो टॉमीपेक्षा हुशार आहे असं नाही. त्याच्यासमोर पहिल्यांदाच बघण्यासारखं काहीतरी आहे.

तरी त्याला दिसतं ते आपल्यासारखं नाही. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीन. कुत्र्याला सगळं काळं-पांढरं दिसतं हा समज चुकीचा आहे. त्याला निळा आणि पिवळा छान कळतो, लाल आणि हिरव्यात मात्र गोंधळ होतो. क्रिकेटचं उदाहरण घ्या. लाल चेंडू हिरवळीवर आपल्याला ठसठशीत दिसतो, पण कुत्र्यासाठी हिरवळ पिवळट-करडी असते आणि चेंडू मळकट गडद, त्यामुळे चेंडू तिच्यात विरून जातो. त्याच मैदानावरून निळ्या जर्सीतला खेळाडू धावला तर तो त्याच्या डोळ्यांत भरतो. बागेत लाल चेंडू टाकला की आमचा शोधतच नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी निळा चेंडू घ्यायला सांगते, काम होतं.

बारकावाही त्याला कमी दिसतो. ढोबळ हिशेबात सांगायचं तर जे आपल्याला २५ पावलांवरून स्पष्ट दिसतं ते कुत्र्याला ६-७ पावलांवरून तेवढं दिसतं. त्यामुळे चेहऱ्यावरचे भाव, लांबून घेतलेलं दृश्य, खाली सरकणारी अक्षरं हे सगळं त्याच्यासाठी धूसरच असतं. पण हालचाल! हालचाल टिपण्यात तो आपल्याला सहज मागे टाकतो. सोलापूर-सांगली भागात कारवानी कुत्री पाळणाऱ्या धनगरांना विचारा. सशानं लांबवर कान हलवला की कुत्रं ताठ होतं, आणि ससा थिजून बसला की तेच कुत्रं त्याच्या अंगावरून नजर फिरवून पुढे जातं. टीव्हीवरही तसंच होतं. स्थिर बसून चर्चा करणारी माणसं म्हणजे काहीच नाही. घोडा दौडला, चेंडू टप्पे खात आला, मांजर पडद्याच्या एका कडेतून दुसऱ्या कडेला गेलं, की मान वळलीच.

याबद्दलचा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात दोन कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात, भूल न देता, न बांधता, स्वतःहून शांत पडून राहायला शिकवलं आणि तीन बैठकींत मिळून दीड तास चित्रफिती दाखवल्या. मेंदूतल्या घडामोडींवरून ते काय बघताहेत हे संगणकाला ओळखायला लावलं. पडद्यावर कुत्रा आहे, माणूस आहे की गाडी, हे कुत्र्यांच्या मेंदूवरून ओळखता आलं नाही. पण पडद्यावर हुंगणं चाललंय, खाणं चाललंय की खेळणं, हे बरंच अचूक ओळखता आलं. माणसांच्या मेंदूवरून दोन्ही ओळखता आलं. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. दोनच कुत्र्यांवरून नियम सांगता येत नाही हे मी जाणते. पण रोज कुत्र्यांत वावरणाऱ्या माणसाला ते लगेच पटतं. आपण आधी ‘कोण आहे’ ते बघतो, कुत्रा आधी ‘काय चाललंय’ ते बघतो.

याचा अर्थ पडद्यावरचा कुत्रा त्याला कुत्रा म्हणून ओळखता येत नाही, असा मात्र नाही. फ्रान्समधल्या लियोंच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नऊ कुत्र्यांना पडद्यावर एका वेळी दोन चेहरे दाखवले: एक कुत्र्याचा, एक दुसऱ्या कोणत्या तरी प्राण्याचा किंवा माणसाचा. लांब तोंडाचे, बसक्या तोंडाचे, झुपकेदार, गुळगुळीत असे नाना तऱ्हेचे कुत्रे त्यात होते. वासही नव्हता, आवाजही नव्हता. तरी नऊच्या नऊ कुत्र्यांना कुत्र्याचा चेहरा निवडायला शिकता आलं. हे २०१३ चं काम. त्यासाठी त्यांना सराव द्यावा लागला होता, हेही सांगायला हवं.

आता ब्रूनो टीव्हीच्या मागे का जातो ते सांगते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे. भुंकणं ऐकू आलं, हलणारं अंग दिसलं, पण वास नाही. कुत्र्यासाठी ही अर्धवट राहिलेली गोष्ट आहे. म्हणून तो आधी पडद्याला नाक लावतो. तिथे काचेचा, धुळीचा, तुमच्या पुसायच्या फडक्याचा वास येतो. मग जिथे पडद्यावरचा कुत्रा चालत गेला त्या कडेला जातो, मग मागे. आरशापुढचं पिल्लूही असंच करतं: भुंकतं, आरशाच्या मागे डोकावतं, आणि काही दिवसांत आरसा सोडून देतं, कारण आरशातलं पिल्लू रोज तेच करतं आणि त्याला वास नसतो. टीव्हीतला कुत्रा मात्र दर वेळी वेगळा असतो, वेगळा भुंकतो, कधी पडद्याबाहेर जातो. त्यामुळे आरशाबद्दल जो निकाल पटकन लागतो तो टीव्हीबद्दल लागायला वेळ लागतो. बरीच कुत्री वर्षा-दोन वर्षांत तोही लावतात. ब्रूनो अजून तपास करतोय.

सगळी कुत्री सारखी नसतात, हेही यात आहे. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात, आतल्या पडद्यावर, दृष्टीच्या पेशी आडव्या पट्ट्यात पसरलेल्या असतात. क्षितिजावरचं काहीही त्यांना कळतं. बसक्या तोंडाच्या कुत्र्यांत त्या मधोमध एका जागी गोळा झालेल्या असतात, आपल्यासारख्या. सिडनीच्या संशोधकांनी २००४ मध्ये हे दाखवलं. मांडीवर बसून समोरच्या पडद्याकडे शांतपणे बघणारे पग मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याला हेही एक कारण असेल असं मला वाटतं.

पण जातीपेक्षा स्वभाव मोठा. ऑबर्नच्या त्याच पाहणीत दिसलं की उत्साही, चळवळी कुत्री पडद्यावर पळणाऱ्या वस्तूच्या मागे लागतात, आणि भित्री कुत्री दारावरची घंटा, गाड्यांचे आवाज अशा गोष्टींवर जास्त उसळतात. म्हणून मी पालकांना सांगते, तो टीव्हीवर काय बघतो याची यादी आणू नका, बघताना त्याचं अंग कसं असतं ते सांगा. शेपूट मोकळी हलतेय, तोंड सैल उघडं आहे, पुढचे पाय खाली टाकून खेळायला बोलावतोय, तर मजा चाललीय. शेपूट पायात, कान मागे चिकटलेले, ओठ चाटणं, पुन्हा पुन्हा जांभया, पाठीवरचे केस उभे, आणि आवाज थांबल्यावरही धाप लागलेली असेल, तर ती भीती आहे. आणि भित्र्या कुत्र्याला मालिकांमधली घंटा, दिवाळीच्या बातम्यांमधले फटाके, मिरवणुकीतला ढोल-ताशा संध्याकाळभर ऐकवणं म्हणजे त्याला रोज थोडं थोडं जाळणं आहे. अशा घरात मी आधी टीव्हीचा आवाज कमी करायला लावते. गोळ्यांचा विषय नंतर.

इथे एक घटना सांगते, कारण टीव्ही बघण्याइतकंच तो बघणं थांबणंही महत्त्वाचं आहे. सदाशिव पेठेतले एक आजोबा, आणि त्यांची पांढरी पॉमेरियन, तिला राणी म्हणू या. वय १०. संध्याकाळी आजोबा खुर्चीत आणि राणी त्यांच्या पायाशी. प्राण्यांचं काही लागलं की ती पडद्याजवळ जाऊन बसायची. महिन्या-दीड महिन्यात तिनं ते सोडलं. सूनबाई म्हणाल्या, म्हातारी झाली आता. आजोबांना ते पटेना. ते तिला लसीच्या तारखेचं निमित्त करून घेऊन आले आणि टेबलावर ठेवल्या ठेवल्या म्हणाले, “हिला टीव्ही आवडेनासा झालाय, बघा जरा.” मी कापसाचा बोळा घेतला आणि तिच्या नाकापासून हातभर अंतरावरून खाली सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही, म्हणून हे करतात. राणीची नजर जागची हलली नाही. दुसऱ्या बाजूनं सोडला, तरी नाही. मग मी बाजूला किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तर कान ताडकन वळले. दिव्याखाली दोन्ही डोळ्यांतली भिंगं दुधाळ दिसली. पाणी जास्त पिते का विचारलं, तर आजोबा म्हणाले, वाटी दिवसातून चारदा भरावी लागते. रक्तातली साखर तपासली, मधुमेह निघाला. कुत्र्यांत मधुमेहानं मोतीबिंदू असाच झपाट्यानं येतो. इन्सुलिन सुरू केलं. शस्त्रक्रिया त्यांना झेपणारी नव्हती. राणी पुढे दोन वर्षं घरात वासावर आणि आवाजावर फिरली, आणि त्या दोन वर्षांत आजोबांनी बैठकीतली एक खुर्चीसुद्धा कोणाला हलवू दिली नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पशुनेत्रतज्ज्ञांनी २०२४ मध्ये कुत्र्यांना कोणत्या चित्रफिती आवडतात याची मोठी पाहणी केली, ती याचसाठी: कुत्र्याची नजर घरी किंवा दवाखान्यात तपासायला काही सोपं साधन मिळावं म्हणून. वय वाढलं आणि नजर मंदावली की पडद्यातला रस कमी होतो हे त्यात दिसलं. आवडीत सगळ्यात वर प्राणी, त्यातही कुत्रे. माणसं बरीच खाली. तेव्हा तुमच्याकडे टीव्ही बघणारा कुत्रा असेल आणि त्यानं अचानक बघणं सोडलं, तर वयावर ढकलू नका, डोळे तपासून घ्या.

घरी कोणी नसताना टीव्ही लावावा का? उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये २००५ साली बेघर कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या पिंजऱ्यांपुढे टीव्ही ठेवून बघितलं होतं. कुत्र्यांनी एकूण वेळेपैकी जेमतेम ११ टक्के वेळ पडद्याकडे पाहिलं आणि नव्याची नवलाई लवकरच ओसरली. केवळ कुत्र्यांसाठी चालवलेली वाहिनीही २०१२ पासून अमेरिकेत आहे. माझं मत स्पष्ट आहे. जिन्यातली पावलं, लिफ्ट, कुरिअरवाला असे बाहेरचे आवाज झाकायला हळू आवाजातलं संथ संगीत चांगलं. टीव्हीपेक्षा रेडिओ बरा, कारण त्यात दारावरच्या घंटा कमी वाजतात. पण एकटेपणानं दार ओरबाडणाऱ्या, घरभर लघवी करणाऱ्या कुत्र्याला टीव्हीनं काही होत नाही. त्याला उपचार लागतात. आणि ब्रूनोसारख्या तरण्याताठ्या लॅबला सकाळी अर्धा-पाऊण तास पट्टा सैल सोडून, त्याच्या गतीनं, हुंगत हुंगत फिरवलं तर तुम्ही गेल्यावर तो टीव्ही नसतानाही झोपेल. ब्रूनो धावून जाणारा आहे, त्यामुळे तो एकटा असताना टीव्ही लावू नका. कपाटावर नुसता टेकवलेला असेल तर भिंतीला पक्का बसवून घ्या, वायरी झाकून टाका. पडलेल्या टीव्हीखाली पंजा चेंगरलेलं एक पिल्लू माझ्याकडे आलं होतं.

डोळ्यांना अपाय होत नाही, त्याची काळजी नको. एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा: टीव्ही बंद असतानाही तो भिंतीवरचे कवडसे, सावल्या तासन्‌तास शोधायला लागला, हाक मारून, खाऊ दाखवूनही हटेना, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याच कारणानं लेझरचा ठिपका त्याच्यापुढे कधीही नाचवू नका.

भुंकायला लागला की ओरडू नका. तुम्हीही सामील झालात असंच त्याला वाटेल. टीव्हीपासून सात-आठ फुटांवर त्याची सतरंजी टाका. ते हमखास धावायला लावणारं दृश्य अगदी हळू आवाजात लावा, इतक्या हळू की त्याचे कान हलतील पण तो उठणार नाही. त्याच क्षणी सतरंजीवर पनीरचे बारीक तुकडे विखरून टाका. मोजून दहा, एकेक हुंगून शोधावे लागतील असे. दृश्य संपलं की तुकडेही संपले. रोज पाच मिनिटं, आवाज दोन-तीन दिवसांनी एका खुणेनं वाढवायचा. तो उठून धावलाच तर आवाज जास्त झाला होता असं समजून एक पायरी खाली या. तीन-चार आठवड्यांत टीव्हीत कुत्रा भुंकला की ब्रूनो पडद्याऐवजी सतरंजीकडे जायला लागेल.

आणि तो टीव्हीच्या मागे जातो तेव्हा त्याला पट्ट्याला धरून ओढू नका. सुट्टीच्या दिवशी टीव्ही बंद करून, वायरी काढून, मागची जागा मोकळी करा आणि त्याला तिथे पोटभर हुंगू द्या. त्याला तिथे काही सापडलं नाही की तो आपणहून बाहेर येईल.